पहिली शर्यत चार किलोमीटरची



शारीरिक शिक्षण संचालकांच्या या परिषदेच्या अध्यक्षपदासाठी आपण माझी निवड केलीत.  

अध्यक्षानं महाविद्यालयीन मैदानी खेळांचा आढावा घ्यावा, असा संकेत आहे. तो थोडक्यात पाळते. ठिकठिकाणी सिंथेटिक ट्रॅक झाले. मुलींची संख्या वाढली. मुलांच्या मनगटावर नाडीचे ठोके मोजणारी घड्याळं आली. हे सगळं चांगलंच आहे. पण एकतीस वर्षं एक गोष्ट माझ्या मनात ठसठसते आहे. पुढच्या मे महिन्यात मी निवृत्त होते आहे आणि ती बोलायला याहून मोठी जागा मला मिळणार नाही. म्हणून आज मी फक्त क्रॉस कंट्रीविषयी, म्हणजे रानमाळावरच्या लांब शर्यतीविषयी, आणि त्यातही एकाच प्रश्नाविषयी बोलणार आहे: हंगामातली पहिली शर्यत किती अंतराची असावी?

आपल्याकडे हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण आपल्याकडे हंगामच नाही. जून-जुलैत प्रवेश, मग पात्रतेचे अर्ज आणि पावसाळा सरायच्या आत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. पहिली शर्यत तीच आणि बहुतेकांची शेवटचीही तीच. मुलगा असो की मुलगी, अंतर १० किलोमीटर. विद्यापीठाचा संघ निवडायचा तोही त्यावरूनच. शाळेत ३००० मीटर धावलेली मुलगी कॉलेजच्या पहिल्याच शर्यतीत त्याच्या तिपटीहून जास्त धावते, तेही दोन महिने सुट्टीत घालवून आणि जेमतेम सहा आठवडे सराव करून.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मेंढपाळाच्या घरातली एक मुलगी आमच्याकडे आली. आमचा भाग माणदेशचा, माळ मुरमाड. त्यावर ती अशी धावायची की पायाचा आवाज येत नसे. स्पर्धा होती कृष्णाकाठच्या काळ्या रानात, आदल्या रात्री पाऊस झालेला. नाव नोंदवायची शेवटची तारीख होती आणि संघाला एक मुलगी कमी पडत होती. मी तिचं नाव लिहिलं. ती पहिल्या घोळक्यात सुटली. चौथ्या किलोमीटरला बुटांना शेर-शेर चिखल चिकटला होता. सहाव्याला ती चालायला लागली. तरी तिनं शर्यत पूर्ण केली. शेवटून सातवी आली. एसटीत ती काहीच बोलली नाही. सोमवारी सकाळी कॉलेजनं दिलेले बूट धुऊन, वाळवून, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाली, “मॅडम, माझ्याच्यानं न्हाय व्हायचं हे.” पुन्हा ती ग्राउंडवर आली नाही. तिची चूक नव्हती. चूक त्या अंतराची होती आणि तिचं नाव लिहिणाऱ्या माझ्या हाताची होती.

१९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भर उन्हात क्रॉस कंट्रीची शर्यत झाली. ३८ जण सुटले, १५ जणच पोचले. पावो नुर्मी जिंकला, पण त्यानंतर ऑलिंपिकमध्ये ही शर्यत पुन्हा झाली नाही. ते जगातले निवडक धावपटू होते, वर्षानुवर्षं तयारी केलेले. आपण सहा आठवडे सराव केलेल्या पोरांना दमट हवेत १० किलोमीटरला उभं करतो आणि कोसळलेल्यांना ‘कच्चे’ म्हणतो.

अमेरिकेतल्या कॉलेजांकडे पाहा. तिथल्या वरच्या गटातल्या मुलांची राष्ट्रीय शर्यत १० किलोमीटरची आहे, पण ती नोव्हेंबरात. सप्टेंबरपासूनच्या बहुतेक शर्यती ८ किलोमीटरच्या आणि हंगामाच्या तोंडाला त्याहूनही लहान. मोठं अंतर शेवटी येतं. आपल्याकडे तेच पहिलं येतं.

आता आक्षेपांकडे येते. काल चर्चासत्रात एक सहकारी म्हणाले की लहान अंतरानं दम वाढत नाही. अगदी खरं. पण दम शर्यतीत वाढतच नाही. दम वाढतो सरावात, आठवडेच्या आठवडे सावकाश धावून. शर्यतीत तो खर्च होतो. पहिल्या शर्यतीनं मुलाला फक्त शहाणपण द्यायचं असतं. माझ्याकडे एक मुलगा होता. शिट्टी वाजली की बाणासारखा सुटायचा. आम्ही घेतो त्या ४ किलोमीटरच्या पहिल्या शर्यतीत तिसऱ्या किलोमीटरला तो संपला. चुकीची किंमत त्यानं पाच-सहा मिनिटं मोजली, दोन दिवसांत ताजातवाना झाला आणि पंधरा दिवसांनी त्याच अंतराला दबकत सुटून शेवटी सगळ्यांच्या पुढे गेला. हीच चूक १० किलोमीटरला झाली असती तर अर्धा तास हाल झाले असते आणि पंधरा दिवस पाय उचलले नसते.

दुसरे म्हणतात की लहान अंतराची सवय लागली तर मोठ्याला मुलं घाबरतील. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेसचा धावपटू. त्यानंच २०२० मध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पूर्ण केली. आमच्या माणमधल्या मोहीची ललिता बाबर उलट्या वाटेनं, मॅरेथॉनमधून ३००० मीटर स्टीपलचेसकडे आली आणि २०१६ मध्ये रिओला अंतिम फेरीत दहावी आली. लहान अंतरानं कुणाचं मोठं अंतर बुडाल्याचं मी पाहिलेलं नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त लागतो. एक ताई म्हणाल्या, “मॅडम, मुलींना कमी अंतर देऊन तुम्ही त्यांना मागे नेताय.” २०१७ मध्ये कंपालाच्या जागतिक स्पर्धेत महिलांचं अंतर ८ वरून १० किलोमीटर झालं आणि पुरुषांच्या बरोबरीला आलं. त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते. निवडीच्या शर्यतीतलं एक मीटरही मला कमी नको आहे. मी मागते आहे ती पहिली शर्यत, मुलगा आणि मुलगी दोघांसाठी ४ किलोमीटरची.

त्या चार किलोमीटरमधून आणखीही काही कळतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आपल्या मुली त्यांच्यातूनच येतात. एकदा एक मुलगी ४ किलोमीटरच्या दुसऱ्या शर्यतीत पहिलीपेक्षा हळू धावली. सराव चुकवलेला नव्हता. तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं, तर हिमोग्लोबिन ८. त्या वर्षी ती मोठी शर्यत धावली नाही. गोळ्या घेतल्या, डब्यात उसळ आणली. पुढच्या वर्षी ती आमच्या संघात पहिली होती. पहिलीच शर्यत १० किलोमीटरची असती, तर मी तिलाही आळशी ठरवलं असतं.

आणि खर्चाचं म्हणाल, तर आम्ही चार कॉलेजं मिळून गेली काही वर्षं हे करतो आहोत. जुलैत दोन शनिवार ४ किलोमीटर, ऑगस्टच्या सुरुवातीला एक शनिवार ६ किलोमीटर, मग स्पर्धेचे १०. सामान म्हणजे चुन्याची अर्धी गोणी, दोन स्टॉपवॉच, पाण्याचे जार आणि क्रमांक लिहिलेल्या आईस्क्रीमच्या काड्या. मूल पोचलं की हातात काडी द्यायची, काड्यांवरच्या आकड्यांची बेरीज करायची. जिची बेरीज कमी, ती टीम पुढे. यासाठी परिपत्रक लागलं नाही आणि टीए-डीएही लागला नाही. जुलैत आमच्याकडे जितकी मुलं ग्राउंडवर येतात, तितकी आता सप्टेंबरातही दिसतात. मला एवढं पुरे आहे.

या परिषदेनं काय करावं? एक छोटी समिती नेमावी. विद्यापीठांच्या क्रीडा मंडळांना निवेदन द्यावं की निवड स्पर्धेआधी प्रत्येक विभागात निदान दोन लहान शर्यती व्हाव्यात. स्पर्धा थोडी पुढे ढकलता आली तर तेही पाहावं. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका काढावी. तिचा मसुदा मी सुरू केला आहे, निवृत्तीनंतर पुरा करेन. तपशील समितीनं ठरवावेत.

मेंढपाळाच्या घरातल्या त्या मुलीचे बूट चार नंबरचे होते. पुढच्या वर्षी ते मी दुसऱ्या एका मुलीला दिले आणि तिला आधी आमच्या माळावर चार किलोमीटर धावू दिलं. ती तीन वर्षं धावली. बूट फाटले तेव्हाच परत आले. पहिल्या मुलीचं मी काहीच देणं फेडू शकले नाही. पण तिनं मला जे शिकवलं, ते आज आपल्यापुढे ठेवलं.

येत्या जुलैच्या पहिल्या शनिवारी सकाळी साडेसहाला आमच्या माळावर शर्यत आहे. मुलांना घेऊन या. ज्यांना माझं म्हणणं पटलेलं नाही, त्यांनीही यावं. काड्या वाटायला माणसं लागतात.