घराच्या बाजूचा बोळ आणि पावसाचं पाणी



घराची भिंत आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये मीटर-सव्वा मीटरचा जो बोळ उरतो, त्याला नगरपालिकेच्या कागदांत सामासिक अंतर म्हणतात. आपण तिथे उरलेल्या फरश्या, मोडकी सायकल आणि पाण्याचा पंप ठेवतो. पावसाळ्यात चिखल होतो, डास होतात, आणि एक दिवस घरात ठरतं, फरशी घालून टाकू. गवंडी येतो, काम उरकतं. पुढच्या पावसाळ्यात त्या बाजूच्या खोलीत ओल चढते, गिलावा फुगतो, भिंतीला लोणा लागतो.

यात नवल काही नाही. माती थोडंफार तरी पाणी पीत होती, फरशी ते पीत नाही. म्हणून या कामात फरशीचा विचार सगळ्यात शेवटी करायचा. आधी विचारायचं, पाणी येतं किती आणि जाणार कुठे?

येतं किती, हा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. मुंबईची जुनी पावसाळी गटारं ताशी २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेली होती. पुढे सुधारणा करताना ५० मिलिमीटर धरले गेले. आपणही ५० धरू. छपराचा ५० चौरस मीटरचा उतार या बोळाकडे असेल, तर तासाला अडीच हजार लिटर पाणी आलं. आकडा ऐकून धडकी भरते, पण सेकंदाला ते पाऊण लिटरही होत नाही. ढाळ नीट असलेला चार इंची पाइप हे पाणी सहज नेतो. अडतं ते पाइप लहान म्हणून नव्हे, तर पानं, वाळू आणि प्लास्टिकच्या पिशव्या अडकून. तेव्हा गटाराचं माप पाण्यावरून ठरवू नका, खराट्यावरून ठरवा. माझं मत विचाराल तर एवढ्याशा बोळात पुरलेल्या पाइपापेक्षा सहा इंच रुंदीचं उघडं, उथळ गटार केव्हाही बरं. जिथे ते ओलांडावं लागतं, तिथे उचलता येईल अशी जाळी टाकावी.

आता पाणी जाणार कुठे? इथेच बहुतेकांची फसगत होते. आपल्या गावांत-शहरांत रस्त्यावर डांबराचा थर चढतो, मग काँक्रीट येतं, आणि बघता बघता रस्ता अंगणापेक्षा उंच होतो. बोळ रस्त्याकडे उतरता केला आणि रस्ताच वर असला, तर पाणी परत घराकडे येणार. म्हणून गवंड्याला पहिल्या दिवशी फरशी मोजायला लावू नका. पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन रस्त्याकडेच्या गटाराची पातळी आणि बोळाच्या मागच्या टोकाची पातळी तपासायला सांगा. बोळ १२ मीटर लांब असेल आणि शंभराला एक असा ढाळ हवा असेल, तर दोन टोकांत १२ सेंटिमीटरचा फरक मिळाला पाहिजे. शिवाय घराच्या भिंतीकडून कुंपणाकडे आडवा ढाळ हवा, मीटरला दोन सेंटिमीटर. गटार घराच्या भिंतीला चिकटून कधीही नको.

आणखी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहायची. जोत्याच्या वर ओल अडवणारा थर असतो, त्याला गवंडी डीपीसी म्हणतात. फरशीचा माथा त्याच्या खाली निदान १५ सेंटिमीटर राहिला पाहिजे. जुन्या घरांत हे हमखास चुकतं. आधी कोबा असतो, त्यावर कुणी शहाबादी बसवतो, त्यावर कुणी टाइल. प्रत्येक वेळी जुनं उखडायचा खर्च वाचतो आणि अंगण दोन इंच वर येतं. शेवटी बाहेरची जमीन डीपीसीच्या वर जाते, आणि मग आतून कितीही वॉटरप्रूफिंग केलं तरी ओल थांबत नाही. तेव्हा जुनं उखडाच.

खालच्या थरांचं थोडक्यात सांगतो. काळी माती असेल तर ती शक्य तितकी काढायची, कारण ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वरचं सगळं तडकवते. तिच्या जागी मुरूम भरून, पाणी मारून, धुमसानं ठोकायचा. त्यावर काँक्रीट, आणि ढाळ काँक्रीटलाच द्यायचा. वरच्या मसाल्यानं ढाळ साधू म्हणणाऱ्या गवंड्यावर विश्वास ठेवू नका. वर पॉलिश न केलेली शहाबादी किंवा खरखरीत टाइल. पेव्हर ब्लॉक दिसायला छान, पण त्यांच्या फटींतून पाणी खाली झिरपतं आणि काळ्या मातीत ते थेट पायाशी जातं. घराला लागून ते नकोत.

रस्त्याकडे वाट नसेल तर मागे शोषखड्डा घेता येतो, पण पायापासून निदान तीन मीटर लांब आणि मुरमाड जमिनीतच. काळ्या मातीतला शोषखड्डा दोन पावसांत तुडुंब भरून बसतो. संडासाच्या ड्रेनेजला मात्र हे पाणी जोडू नका. मोठ्या पावसात तेच उलटं मोरीतून वर येतं.

शेजाऱ्यांशी आधी बोलून घ्या. पागोळ्यांच्या पाण्यावरून भावाभावांचे दावे कोर्टात गेले आहेत. वहिवाटीचे हक्क सांगणाऱ्या १८८२च्या ईझमेंट ॲक्टनुसार सलग २० वर्षं उघडपणे, हक्कानं आणि विनातक्रार पाणी सोडलं असेल तर तसा हक्क मिळू शकतो. नव्यानं सोडायला लागलात तर तो नाही.

काम दिवाळीनंतर काढा. फरश्या बसल्या की दर्जा, म्हणजे फरश्यांमधल्या फटी, भरण्याआधी मागच्या टोकाला चार बादल्या पाणी ओता आणि गवंड्यालाही शेजारी उभं करा. जिथे पाणी साचेल, ती फरशी तेव्हाच उचलून घ्या. दर्जा भरल्यावर आणि मजुरी चुकती केल्यावर ती कुणी उचलत नाही.