ठिगळ लावणाऱ्याची रीत



आम्ही कामगार संघटनेत वाढलो. संगणकाचे जे थोडेफार ज्ञान मिळवले, ते सभा आटोपल्यावर रात्री वाचून. तरीही ‘ओपन सोर्स’ हा विषय आम्ही घेतला, कारण मुळात तो श्रमाचा विषय आहे.

ज्या सॉफ्टवेअरचा मजकूर कोणीही वाचावा, वापरावा, सुधारावा, ते ओपन सोर्स. आपल्या फोनमध्ये ते आहे, बँकेतही आहे. ते सांभाळणारा पुष्कळदा एकटा असतो आणि दिवसाची नोकरी करून रात्री बिनपगारी राबतो. त्या सॉफ्टवेअरला भोक पडलेले दिसले, तर ठिगळ, म्हणजे ‘पॅच’, पाठवायचे. ते कसे पाठवावे?

पहिली गोष्ट, बोभाटा करू नये. एखाद्या गाळ्याचे कुलूप मोडलेले दिसले, तर आपण मालकाला गाठतो की चिंचोटी नाक्यावर उभे राहून ओरडतो? ओरडलो तर चोर आधी ऐकेल. म्हणून सांभाळणाऱ्याला खासगीत कळवावे. दुसरी गोष्ट, भोक कोठे आहे, त्यातून नुकसान काय, ठिगळ कसे तपासले, हे थोडक्यात लिहावे. ठिगळ भोकापुरतेच असावे. त्यापायी सगळा सदरा उसवू नये. तिसरी गोष्ट, थांबावे. नव्या टाक्याने दुसरीकडे फाटत नाही ना, हे त्याला पाहावे लागते.

थांबणे म्हणजे गप्प बसणे नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांचे निवेदन १८८४ साली दिले. रविवारची सुटी १८९० साली मिळाली. मधल्या काळात मागणी सोडली नाही. येथेही सौम्य स्मरणपत्र द्यावे, मुदत आधी सांगावी. गूगलचे ‘प्रोजेक्ट झीरो’ हे पथक साधारणतः ९० दिवस देते.

उतावळेपणाचा फायदा कोण घेतो, तेही पाहा. ‘एक्सझेड’ हे फायली दाबून लहान करणारे सॉफ्टवेअर फिनलंडचे लासे कॉलिन सांभाळीत. २०२२ साली काही अनोळखी नावांनी तगादा लावला: काम मंद आहे, दुसऱ्याच्या हाती द्या. हे बिनपगारी छंदाचे काम आहे, असे कॉलिन यांनी सांगून पाहिले. त्याच सुमारास ‘जिया टॅन’ नावाचा मदतनीस ठिगळे पाठवून विश्वास मिळवीत होता. फेब्रुवारी २०२४ च्या आवृत्तीत त्याने चोरदरवाजा बसवला. तगादा लावणारी नावे त्याचीच साथीदार असावीत, असा दाट संशय आहे.

आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉग-इनला अर्धा सेकंद अधिक लागतो, हे खटकले. त्याने छडा लावला, संबंधितांना आधी खासगीत कळवले आणि २९ मार्च २०२४ रोजी गोष्ट जाहीर केली.

बंधुहो, थकलेल्या माणसावर खेकसणारा सज्जनही नकळत चोराची वाट रुंद करतो. येथे सभ्यता ही शोभेची वस्तू नव्हे, तो सुरक्षेचाच भाग आहे. आणि ज्या कंपन्या या फुकट श्रमावर नफा मिळवतात, त्यांनी त्या श्रमाची मजुरीही द्यावी. ठिगळ पाठवताना पलीकडे एक कामगार बसला आहे, एवढे ध्यानी ठेवावे, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.