हजिऱ्याच्या किनाऱ्यावरची सॅक



हजीरा म्हटलं की पोलाद, गॅस आणि जेटीच आठवतात. त्यातून गुजरातेत दारूबंदी. तरीही इथून जवळच, सुवालीच्या बाजूला राजगरीत एक घुमटाकृती थडगं आहे, आणि त्याची गोष्ट वाइनशिवाय सांगताच येत नाही. थडगं टॉम कोरियट या इंग्रज प्रवाशाचं मानतात. पुरातत्त्व खात्याच्या यादीतही त्याचंच नाव आहे.

तापीच्या गाळामुळे मोठी जहाजं सुरतेपर्यंत जात नसत, सुवालीलाच नांगर टाकत. सुरतेतल्या इंग्रजांच्या वखारीचा माल इथेच उतरे आणि त्यात वाइनही असे. 1615 मध्ये इंग्रज राजदूत टॉमस रो इथेच उतरला. बादशहाला लाल वाइनइतकं दुसरं काही आवडायचं नाही, असं त्यानं मायदेशी कळवलं होतं. जहांगीरच तो!

कोरियट मात्र बेताचं पिणारा. 1608 मध्ये त्यानं युरोप बराचसा पायी पालथा घातला, पुढे हलबहून, म्हणजे अलेप्पोहून, अजमेरपर्यंत चालत आला. बादशहापुढे त्यानं फारसीत भाषण ठोकलं आणि शंभर रुपये मिळवले. रो यावर चिडला. आपल्या देशाचा माणूस असा हात पसरतो, याची त्याला लाज वाटली. मला तर त्या भाषणाचं कौतुकच वाटतं.

1617 च्या डिसेंबरात कोरियट सुरतेला पोचला, तोच हगवणीनं बेजार. वखारीतल्या मंडळींकडे जहाजातून आलेली सॅक होती. सॅक म्हणजे स्पेनकडची पांढरी वाइन. नाव ऐकताच त्यानं ती मागितली. दुखणं वाढलं आणि थोड्याच दिवसांत तो गेला. हे रोचा पाद्री एडवर्ड टेरी यानं लिहून ठेवलंय.

वाइन इतक्या लांबच्या सफरीत टिकवणं सोपं नव्हतं. पिंपात हवा शिरली की जिवाणू अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल करतात, आणि हाती उरतो तो शिरका. म्हणून पुढे वाइनमध्ये ब्रँडी घालून ती कडक करू लागले. अठरा-वीस टक्के अल्कोहोलमध्ये या जिवाणूंचं काही चालत नाही. मदिरा बेटाची वाइन तर जहाजाच्या तळघरात उकाड्यानं तापून उलट चवदार होई, तेव्हा व्यापारी तिला मुद्दाम उष्ण समुद्रातून फिरवून आणत.

कोरियटच्या मृत्यूचा सगळा दोष मी सॅकला देणार नाही. हगवणीनं अंगातलं पाणी आधीच आटलेलं, आणि दारू लघवीवाटे आणखी पाणी काढते. त्याला हवी होती मीठ-साखरेची पेज.