केसपेपरवरचं माहेर

गावोगावहून आलेले डॉक्टर, समुपदेशक व परिचारिका मित्रमैत्रिणींनो,

कोल्हापुरात आपलं मनापासून स्वागत. रंकाळ्याची आणि तांबड्या-पांढऱ्या रश्शाची ओळख मी करून द्यायला नको. आठवण करून देतो ती आमच्याकडच्या हेळव्याची. तो दारी येतो, चोपडी उघडतो आणि घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवतो. मोठ्या आतड्याचा कर्करोग ज्या घराण्यांत पिढीजात उतरतो, ती ओळखायची तर आपल्यालाही अशीच चोपडी लागते.

अशी घराणी ओळखण्याच्या विद्येची सुरुवातच मुळी एका बोलण्यातून झाली. १८९५ साली अमेरिकेत, मिशिगन विद्यापीठातल्या डॉ. ऑल्ड्रेड वॉर्थिन यांना त्यांच्याकडे शिवणकाम करणारी बाई म्हणाली, की घरातल्या इतरांसारखी मीही कर्करोगानंच जाणार. पुढे ती गर्भाशयाच्या कर्करोगानं गेली. वॉर्थिन यांनी तिच्या घराण्याची हकिकत १९१३ साली प्रसिद्ध केली. आतड्याचा आणि गर्भाशयाचाही कर्करोग एकाच घराण्यात उतरवणाऱ्या त्या आजाराला आज आपण लिंच सिंड्रोम म्हणतो.

यातला जनुकीय दोष आईकडूनही येतो, वडिलांकडूनही. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. हेळव्याची चोपडी मात्र मुलग्यांवरून पुढे सरकते. आणि खरं सांगू? आपला केसपेपरही तसाच. ओपीडीच्या गर्दीत आपण विचारतो, “घरात कुणाला कॅन्सर?” समोरची बाई सासर आठवते आणि “नाही” म्हणते. माहेरी भाऊ चाळिशीत आतड्याच्या कर्करोगानं गेला, मावशी ‘पिशवीच्या’ कर्करोगानं गेली. पण आडनावं वेगळी, अवयव वेगळे, म्हणून धागा जुळत नाही.

तीन नातेवाईक, दोन पिढ्या, एक जण पन्नाशीच्या आतला, हा लिंच सिंड्रोम ओळखण्याचा ॲमस्टरडॅमचा निकष आपल्याला पाठ आहे. पण छोट्या कुटुंबांत तो निसटतो. म्हणूनच काढलेल्या गाठीवर चार प्रथिनांची तपासणी करणं मोलाचं. पुढे रुग्णाच्या जनुकांतही दोष सापडलाच, तर भावंडांची आणि मुलांचीही चाचणी करता येते. ज्यांच्यात तो आहे, त्यांची ठरावीक काळानं दुर्बिणीनं तपासणी केली, तर आतड्यातले पॉलिप वेळीच काढता येतात. ज्यांच्यात नाही, त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरतं.

तेव्हा यजमान म्हणून एकच मागणं. परत गेल्यावर पहिल्याच रुग्णाला सासर, माहेर आणि आजोळ, तिन्ही विचारा.

आमच्या व्यवस्थेत काही उणं राहिलं, तर पोटात घाला. रुग्णाच्या घराण्याची हकिकत मात्र पोटात ठेवू नका, कागदावर उतरवा.