पेशींचे दोन प्रकार
(प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले व्याख्यान)



पेशी आदिकेंद्रकी व दृश्यकेंद्रकी अशा दोन प्रकारच्या असतात, हे आपण मुलांकडून पाठ करून घेतो. फ्रेंच शास्त्रज्ञ एदुआर शातों यांनी १९२५ साली या भेदास नावे दिली. १९६२ साली स्टॅनियर व व्हॅन नील यांनी तो सविस्तर मांडला. परंतु हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. तो आपल्या शेतात व देहातही आहे.

आपल्या जिल्ह्यात सोयाबीन सर्वत्र पेरतात. पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी एक रोप मातीसह हलकेच उपटावे व मुळे पाण्यात धुवावीत. मुळांवर बारीक गाठी दिसतील. कापलेली गाठ आतून गुलाबी असेल, तर तिचे कार्य चालू आहे असे समजावे. या एकाच गाठीत दोन्ही प्रकारच्या पेशी नांदतात. गाठ बनते रोपाच्या पेशींची. त्या पेशींच्या आत राहतात ते जीवाणू. ते हवेतील नत्र रोपास उपयोगी करून देतात व रोपाकडून अन्न घेतात. पेरणीपूर्वी बियाण्यास जीवाणू-संवर्धक चोळतात ते याचसाठी. परभणीच्या कृषी विद्यापीठातही अशी संवर्धके तयार होतात.

रोपाच्या पेशीतील आनुवंशिक द्रव्य पटलाने वेढलेल्या केंद्रकात असते. शिवाय ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिका असतात. जीवाणूच्या पेशीत केंद्रक नाही, तंतुकणिका नाहीत; आनुवंशिक द्रव्य पेशीद्रवातच असते. जीवाणू बहुधा काही मायक्रोमीटर लांबीचा, तर वनस्पतीची पेशी त्याच्या कितीतरी पट मोठी. तथापि खरा भेद आकारमानाचा नसून रचनेचा आहे. साधी रचना म्हणजे अपुरी रचना, असेही मुलांना सांगू नये. नत्र बांधण्याचे काम रोपाच्या पेशीस साधत नाही. ते जीवाणूच करतो.

आता औषधाचे पाहू. पेनिसिलीन जीवाणूंच्या पेशीभित्तिकेची उभारणी रोखते. आपल्या पेशींना भित्तिकाच नसते. म्हणून जीवाणू मरतात व आपल्या पेशी वाचतात. गजकर्ण मात्र कवकामुळे होते. कवकाची पेशी दृश्यकेंद्रकी, तिची भित्तिकाही निराळ्या द्रव्याची; तेथे पेनिसिलीन निरुपयोगी. एका मुलाच्या उरलेल्या गोळ्या दुसऱ्यास का देऊ नयेत, याचे एक कारण पालकांना येथे सांगता येईल.

म्हणून फळ्यावर तक्ता काढण्यापूर्वी मुलांच्या हाती ती गाठ द्यावी. जे हाती आले, ते सहसा विसरत नाही.