सॅटायव्हा म्हणजे पेरलेलं : खोलीतलं झाड, कायदा आणि शेवंती

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

कन्हानहून बोलतोय. मागून मधूनमधून गाडीचा हॉर्न ऐकू आला तर समजून घ्या, हायवे इथून जवळच आहे.

आजचा विषय तुमच्या मेसेजांमधून आलाय. गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या भाषेत येतोय. "भाऊ, खोलीत टेंट लावून एलईडीखाली सॅटायव्हा घेता येते का? फुलोऱ्यात झाड कसं जपायचं?" विचारणारे बहुतेक अठरा ते पंचवीसमधले. रील कुठली पाहिली तेही पाठवतात. चांदीसारखा चमकणारा तंबू, जांभळा उजेड, इंग्रजीत बोलणारा दाढीवाला माणूस.

गांजा कसा पिकवायचा हे मी सांगणार नाही. पण "नको रे बाबा" म्हणून विषय बंदही करणार नाही, कारण या प्रश्नात झाड वाढवायची खरी ओढ आहे, आणि ती मला आवडते. म्हणून आज नाव, इतिहास, कायदा आणि शेवटी त्याच खोलीत काय करता येईल, असं सगळं घेऊ.

आधी नाव. सॅटायव्हा हा लॅटिन शब्द आहे. त्याचा अर्थ पेरलेलं, लागवडीतलं. बस्स, एवढाच. आपल्या मौदा-रामटेकच्या बांध्यांमधला धान म्हणजे ओरायझा सॅटायव्हा. लसूण अॅलियम सॅटायव्हम. काकडी क्युक्युमिस सॅटायव्हस. धान निघाल्यावर त्याच ओलीवर येणारी लाखोळी, ती लॅथिरस सॅटायव्हस. केशर क्रोकस सॅटायव्हस. म्हणजे तुमच्या घरी रोज सॅटायव्हा शिजते. लिनियसने १७५३ मध्ये भांगेच्या झाडाला कॅनाबिस सॅटायव्हा नाव दिलं, आणि १७८५ मध्ये लामार्कने भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून त्याच्या भावंडाला इंडिका म्हटलं. आता दुकानदार या दोन नावांवर "ही तरतरी आणते, ती झोप आणते" असं विकतात. नावांचा मूळ अर्थ तो नाही.

अजून एक गंमत. आपली अंबाडी आहे ना, भाजीची? तिचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे भांगेसारखी दिसणारी. पानं तशीच बोटाबोटांची. शेजाऱ्याच्या वाडीत तसलं पान दिसलं म्हणून लगेच फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. आधी भाजी ओळखा.

आता इतिहास, आणि तो आपल्या भागाला लागून आहे. इंग्रजांच्या काळात नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी. त्या प्रांतात गांजाची लागवड होती, पण कुठेही नाही. निमाड जिल्ह्यातल्या खंडवा तालुक्यात, परवान्यावर. मुंबई इलाख्यात अहमदनगर आणि सातारा ही नावं येतात. बंगालात राजशाहीकडचं नौगाव. सरकार माल गोदामात घ्यायचं, कर लावायचं, मग तो परवानाधारक दुकानात जायचा.

१८९३ मध्ये सरकारने एक आयोग नेमला, इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. देशभर फिरून शेकडो साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये अहवाल आला, अनेक खंडांचा. निष्कर्ष असा की बेताने घेणाऱ्यांचं विशेष नुकसान दिसत नाही, अतिरेक करणाऱ्याचं होतं, आणि सरसकट बंदीपेक्षा परवाना आणि कर बरा.

त्या काळच्या लागवडीतली एक गोष्ट लक्षात ठेवा. या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. गांजा म्हणजे मादीचा, बी न धरलेला फुलोरा. शेतात एक नर राहिला तरी परागकण उडतात, बी धरतं आणि माल पडतो. म्हणून शेतातून नर हुडकून उपटायला खास जाणकार माणसं लागायची. म्हणजे बंगल्यातल्या तंबूत आज जे "सीक्रेट" म्हणून विकतात, ते सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याकडच्या शेतकऱ्याला पाठ होतं.

मग बदललं काय? १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार आला. भारताने त्यात सही केली आणि पुढे १९८५ मध्ये एनडीपीएस कायदा केला. तो १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू आहे. आजचा सगळा हिशोब या कायद्याने होतो. आता जरा हळू ऐका.

एक. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळाचे शेंडे. शेंड्यांशिवाय नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणूनच काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकानं दिसतात. पण "पानं चालतात म्हणजे झाड लावलं तरी चालतं" असं होत नाही. लागवड हा वेगळा गुन्हा आहे.

दोन. बाळगण्यासाठी प्रमाणाचे टप्पे आहेत. गांजात १ किलोपर्यंत अल्प प्रमाण, २० किलोच्या वर व्यावसायिक. अल्प प्रमाणाला १ वर्षापर्यंत शिक्षा, मधल्याला १० वर्षांपर्यंत, व्यावसायिकला १० ते २० वर्षं. पण लागवडीच्या कलमात, म्हणजे कलम २० च्या पहिल्या भागात, असे टप्पेच नाहीत. शिक्षा १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. "एकच कुंडी होती साहेब" हे न्यायाधीश शिक्षा ठरवताना ऐकतील कदाचित, पण गुन्हा त्याने पुसला जात नाही. म्हणजे ५० ग्रॅम खिशात सापडलेल्याचं कलम हलकं, आणि एक झाड वाढवणाऱ्याचं जड. रील बनवणारा हे सांगत नाही.

तीन. कलम २५. जागेचा मालक किंवा ताबेदार जाणूनबुजून ती जागा वापरू देत असेल, तर त्यालाही तीच शिक्षा. खोली बाबांच्या नावावर, वीजमीटर आईच्या नावावर. त्यांना माहीत होतं की नव्हतं, हे ठरेपर्यंत चकरा कोण मारणार? भाड्याची खोली असेल तर घरमालकही त्यात ओढला जातो.

चार. गुन्हा दखलपात्र आहे, पोलीस स्वतःहून अटक करू शकतात. आणि आपल्या भागातली पोरं काय करतायत ते मला माहीत आहे. कोणी पोलीस भरतीसाठी पहाटे पळतोय, कोणी कोळसा खाणीत लागायची वाट पाहतोय, कोणी पासपोर्ट काढतोय. या प्रत्येक ठिकाणी चारित्र्य पडताळणी होते. निर्दोष सुटलात तरी मधली वर्षं परत मिळत नाहीत.

"मग जर्मनीत कसं चालतं?" चालतं. १ एप्रिल २०२४ पासून तिथे प्रौढ माणसाला घरी तीन झाडं ठेवता येतात. ती रील तिथून आली आहे. आणि "उत्तराखंडात तर लायसन देतात?" देतात, पण तागासाठी, बियांसाठी, ज्यात नशेचा घटक ०.३ टक्क्यांच्या आत असतो त्या हेम्पसाठी. फुलोऱ्यासाठी नाही. कायदा चुकीचा वाटतो? वाटू शकतो. त्यावर बोला, लिहा, आमदाराला विचारा. ते करण्यात काही गुन्हा नाही.

तब्येतीचं थोडक्यात. आजचा निवडून तयार केलेला माल जुन्या गांजापेक्षा बराच तेज असतो. आणि मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते. लहान वयात रोज ओढणाऱ्यांमध्ये भास, संशय, मानसिक आजाराचा धोका वाढतो, विशेषतः घरात आधी कोणाला असा त्रास असेल तर. ज्याला सोडायचं आहे त्याने १४४४६ वर फोन करावा, व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फुकट आहे. मन बरं नसेल तर टेली मानस, १४४१६. आणि कायद्यातच कलम ६४-क आहे. स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनी माणसाला अल्प प्रमाणाच्या आणि सेवनाच्या गुन्ह्यात त्यामुळे संरक्षण मिळू शकतं.

आता तो तंबू, तो एलईडी, ती ओढ. त्याचं काय करायचं?

माझं उत्तर शेवंती. हसू नका. तुम्ही रीलमध्ये जे पाहताय, "उजेडाचे तास बदलले की फुलोरा येतो", ते शेवंतीलाही तंतोतंत लागू आहे. दोन्ही लहान दिवसाची झाडं. खरं तर झाड दिवस मोजत नाही, रात्र मोजतं. सलग अंधार पुरेसा लांब झाला की पानांना निरोप मिळतो आणि शेंड्याला कळी धरते. गार्नर आणि अलार्ड या दोघांनी १९२० मध्ये तंबाखूच्या एका जातीवर हे दाखवलं. पॉलिहाऊसवाले शेतकरी मध्यरात्री काही तास दिवे लावून शेवंतीची फूल धरणी मुद्दाम लांबवतात, म्हणजे माल सणाला येतो.

तुमच्या गच्चीवरची शेवंती नुसतीच पानं काढते, फुलत नाही? वर पाहा. रस्त्याचा दिवा कुंडीवर पडत असेल. कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवा. हा प्रयोग फुकट आहे.

पद्धत सांगतो. जून-जुलैत जुन्या झाडाच्या बुडाचे फुटवे वेगळे करून लावा. कुंडीला खाली भोक हवंच, मातीत शेणखत आणि थोडी रेती. महिन्याभराने शेंडा खुडा, बाजूच्या फांद्या फुटल्या की पुन्हा एकदा. सप्टेंबर लागला की खुडणं बंद, नाहीतर कळ्याच तोडाल.

फुलोऱ्यात झाड जपायचं म्हणजे मुख्यतः जास्तीचं काही न करणं. कळी दिसली की युरियासारखं नत्र कमी करा, नाहीतर पानंच माजतात. पाणी सकाळी, बुडाशी, माती वरून सुकल्यावर. फुलांवर पाणी साचलं की करडी बुरशी येते आणि फूल आतून सडतं. कुंड्या एकमेकींना चिकटवू नका, हवा खेळू द्या. खोलीत असतील तर लहान पंखा पुरतो. मावा आणि फुलकिडे पानाच्या खाली बघायचे, दर दोन दिवसांनी. निंबोळी अर्काची फवारणी कळ्या उमलायच्या आधी, संध्याकाळी. फूल उमलल्यावर फवारू नका. खालचं पान डागाळलं तर तोडून लांब टाका. ते पिवळं पडत असेल तर आधी पाणी कमी करून बघा, औषध नंतर.

ज्याला खोलीतून दोन पैसेही हवेत, त्याला धिंगरी अळंबी. आपल्याकडे धानाचं तणस भरपूर. तणस कापायचं, भिजवायचं, गरम पाण्यात तासभर ठेवून निर्जंतुक करायचं, निथळायचं, आणि पिशवीत थराथराने बियाणं भरायचं. दोन-तीन आठवडे अंधारात पांढरी बुरशी पसरते. मग पिशवी उघडून ओलावा ८० ते ८५ टक्के, थोडा उजेड, ताजी हवा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी आपलं हवामानच साथ देतं. १ किलो सुक्या तणसाला साधारण अर्धा किलो ताजी अळंबी धरा. खोलीत काम करताना तोंडाला मास्क बांधा, बीजाणू छातीत जातात. आणि गिऱ्हाईक आधी शोधा, कारण ताजी अळंबी थांबत नाही.

केशराबद्दलही विचारता. तेही सॅटायव्हस, तेही खोलीत येतं, नागपुरात लोक करूनही बघतायत. पण पाटीवर हिशोब मांडा. १ ग्रॅमला दीडशेच्या आसपास फुलं. १० ग्रॅमचा एक कंद समजा दोन फुलं देतो. म्हणजे १ ग्रॅमला पंचाहत्तर कंद. १०० किलो कंद म्हणजे १० हजार कंद, २० हजार फुलं, सव्वाशे-दीडशे ग्रॅम केशर, तेही सगळं नीट झालं तर. त्यातून कंदांची किंमत आणि एसीचं बिल वजा करा. आणि फुलं निघाल्यावर तेच कंद माती-उजेडात वाढवून पुढच्या वर्षासाठी तयार करावे लागतात. कंद विकणारा हा भाग भराभर उरकतो. "आम्हीच परत विकत घेऊ" म्हणणाऱ्याकडून ते लेखी घ्या.

तर मंडळी, दिवा आणि टायमर आधीच घेऊन बसला असाल तर तो शेवंतीवर लावा. अर्ध्या कुंड्या दिव्याखाली ठेवा, अर्ध्या पूर्ण अंधारात, आणि कोणती आधी कळी धरते ते वहीत तारखेसह लिहा. दिवाळीनंतर मला फोटो पाठवा. गच्चीवरून, भर उन्हात काढलेले. लपवायचं काहीच नसेल.

पुढच्या भागात अळंबीच्या पिशव्या, खर्चासकट. तोपर्यंत काळजी घ्या. भेटू.