निवळ पाणी आणि निर्मळ पाणी



कृष्णामाई महाबळेश्वरी उगम पावते, कराडला कोयनेला भेटते आणि पुढे सांगलीला येते. सातारा काय, सांगली काय, दोन्ही जिल्हे तिच्या पाण्यावर वाढले. पण ऑगस्ट २०१९ मध्ये हीच माय कोपली. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांपर्यंत चढले. घरात कमरेइतके पाणी, पण प्यायचा हंडा रिकामा, अशी गत झाली.

पुराचे पाणी विहिरीत शिरते. उकिरड्याची आणि संडासाची घाण त्याबरोबर येते. चार दिवसांनी गाळ खाली बसतो. आपण म्हणतो, "निवळलं की! प्या आता." इथेच घात होतो. हगवण, विषमज्वर, कावीळ यांची बीजे डोळ्यांना दिसत नाहीत. निवळ पाणी वेगळे, निर्मळ पाणी वेगळे.

यावर शास्त्रज्ञांनी एक नवा उपाय काढला आहे. त्याला नॅनो तंत्र म्हणतात. नाव अवघड, पण गोष्ट सोपी. एका मीटरचे १ अब्ज भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपला केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो!

गुळाचा खडा पाण्यात हळू विरघळतो. तोच गूळ किसून टाका, चटकन विरघळतो. कारण बारीक केल्याने त्याचे जास्त अंग पाण्याला लागते. चांदीचेही तसेच. चांदीचे कण काही नॅनोमीटरांइतके बारीक केले, की चिमूटभर चांदी पुष्कळ पाण्याला पुरते आणि त्यातले जंतू मारते.

पण हे कण पाण्याबरोबर वाहून जाऊ नयेत. ते कशाला तरी चिकटवावे लागतात. आपल्या पाटण-शिराळ्याकडे भात पिकतो. त्याचे तूस आपण जाळतो. त्या राखेची गाळणी पुण्याच्या टाटा संशोधन केंद्रात तयार झाली. पुढे राखेवर चांदीचे नॅनो कण बसवले. डिसेंबर २००९ मध्ये 'टाटा स्वच्छ' या नावाने ती बाजारात आली. त्या वेळी किंमत ७४९ रुपयांपासून होती. तिला वीज लागत नसे, नळही लागत नसे.

मग काळजी मिटली का? नाही. तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, गाळणीला आयुष्य असते. त्या गाळणीचा आतला भाग ३००० लिटरला पुरे. घरात रोज १५ लिटर लागले, तर २०० दिवस. पुढे तो बदलायलाच हवा.

दोन, चांदीने पाण्यातला खारेपणा जात नाही, खतांचा अंशही जात नाही. काविळीचे विषाणू तर जंतूंहून बारीक. तिथे चांदीवर विसंबू नका. पुरानंतर पाणी उकळूनच प्या. विहिरीत टीसीएल पावडर टाकली आणि वास आला, तर नाक मुरडू नका.

तीन, चांदीही अती नको. ती वर्षानुवर्षे फार पोटात गेली, तर कातडी निळसर पडते. म्हणून भारतीय मानकाने लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. स्वस्त मिळाली म्हणून बिननावाची गाळणी घेऊ नका.

गाळणी किती लिटर चालेल, काय काढील, हे डब्यावर छापलेले असते. आता आपल्याला अक्षरे येतात. दुकानदाराच्या तोंडाकडे काय बघायचे? डबा हातात घ्या, स्वतः वाचा, आणि मगच पैसे मोजा.